डावीकडची फळी

"पुढची!"

ऑर्गनच्या पोटातून दादा ओरडला. बाहेर बाकावर बसलेल्या धाकट्याने पट्टीवरचं बोट काही उचललं नाही. सूर अजून थरथरत होता. लागलेला सूर कसा, खिळ्यासारखा एका जागी राहतो. हा लंगडत होता.

"अरे पुढची! झोपलास का, डावऱ्या?"

हे नाव तीन वर्षांनी कानावर पडलं. सकाळपासून दोघा भावांचं काम 'पुढची' या एका शब्दावर चाललं होतं. चर्च दोनशे वर्षांचं, ऑर्गनला बाराशे नळ्या. एकाने आत शिरून नळ्या सुरात आणायच्या, दुसऱ्याने बाहेर पट्टी दाबून धरायची. वडील होते तोवर ते आत. मग दादा. धाकटा कायम बाहेर. "मलाही आत जाऊ दे," म्हणाला, तर दादा चारचौघांत बोलला होता, "तुझा कान कच्चा आहे." धाकट्याने काम सोडलं ते सोडलंच. परवा अचानक दादाचा फोन. "रविवारी ऑर्गन वाजायला हवा. पट्टी धरायला माणूस नाही." एवढंच.

त्याने पुढची पट्टी दाबली. उंच, बारीक सूर. हाही लंगडा.

"झाली! पुढची!"

सकाळी खालचे सूर दादाने चोख लावले होते. हे उंच सूर मात्र... दादाला ते ऐकूच येत नव्हते.

आत काहीतरी खणकन पडलं. सकाळपासून चौथ्यांदा. दादाच्या हातून हत्यार पडणं म्हणजे नवलच.

उट्टं काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. शब्द अगदी जिभेवर आले होते. त्याने ते गिळले.

"दादा, माझी पाठ धरलीय. बसवत नाही. तू ये बाहेर, मी जातो आत."

शिडी करकरली आणि केसांत जळमटं घेऊन दादा बाहेर आला.

"पाठ धरली म्हणे. वय काय तुझं?"

"तुझ्याहून सहा कमी."

"वाकून जा. टाळकं आपटशील."

आत नळ्यांची दाटी. हत्यारासाठी धाकट्याने सवयीने डावा हात लांबवला. तो थेट नळ्या सुरात आणायच्या पितळी शंकूवर पडला. धाकटा थबकला. हत्यारांची फळी डावीकडे ठोकलेली होती. कोरं लाकूड, ताजे खिळे. उजवीकडे, दादाच्या हाताला, जुन्या फळीची चार भोकं तेवढी उरली होती.

"सापडलं का रे?" बाहेरून दादाचा आवाज जरा दबकतच आला.

"सापडलं." त्याने शंकू उचलला. "मागच्या दोन परत घे."

का, ते दादाने विचारलं नाही. सूर आला, लंगडत. धाकट्याने शंकू नळीच्या तोंडावर टेकवून हलकेच ठोकला. एकदा. परत एकदा. थरथर विरत गेली.

"लागला का रे?"

असं दादाने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

"लागला."

"मग बोल की! मला काय कळणार इथं बसून?"

"पुढची!" डावऱ्या आतून ओरडला.