न दुखणारी जखम

झिन्सीच्या नडगीवर इतकं मोठं भोक पडलं होतं की माझं बोट आत गेलं असतं. आणि पोरगी अंगणात दोरीच्या उड्या मारत होती.

"अगं, दुखत नाही का तुला?" मी ओरडले.

"नाही मावशी. झिन्हुए पाय धरून बसलीय ना."

झिन्हुए म्हणजे तिची जुळी बहीण. लहानपणीच गेली. आमच्या वेमे नदीकाठी जुळ्यांतलं एक गेलं तर ते मेलं असं कुणी म्हणत नाही, रानात लाकडं आणायला गेलं म्हणतात. मग त्याची वीतभर लाकडी बाहुली करायची, तिला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं. माझी थोरली बहीण हुएफा जिवंत पोरीच्या आधी बाहुलीच्या ओठांना चवळी लावायची आणि रोज तिची मनधरणी करायची, "रुसू नको गं, परत अशी रुसू नको." मला त्या बाहुलीची भीती वाटायची. उगाच कशाला लपवू?

जखमेच्या जागी आधी कातडीखाली शेंगदाण्याएवढी गाठ होती. ती फुटली आणि आतून पोखरत पसरत गेली. ना सूज, ना लाली, ना ताप. हुएफाला त्याचंच कौतुक. "बघ, बहीण कशी सांभाळतेय हिला!"

"सांभाळतेय? पाय खातेय ती पोरीचा!" मी बोलून गेले. हुएफानं मला दारातून हाकललं. पण जखम गुडघ्याकडे सरकली, तशी तीच पोरीला घेऊन मुकाट्यानं माझ्या होडीत येऊन बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय बराच वेळ पाहिला. "जखमेतले हे जंतू विष सोडतात," त्या म्हणाल्या. "त्यानं जागा बधिर होते आणि अंगातले राखणदार झोपी जातात. सूज, लाली, ठणका, हे सगळं अंग झुंजायला लागलं की होतं. हिचं अंग झुंजतच नाहीये. मला त्याचीच काळजी वाटते."

गोळ्या सुरू झाल्या. हुएफा बाहुलीला जेवू घालायला घरी परतली, मी पोरीजवळ राहिले. झिन्सी रोज खाटेच्या पायथ्याशी बघून कुणाशी तरी कुजबुजायची, मध्येच खुदकन हसायची. पायथ्याशी कुणी नसायचं. मी तिकडे पाठ करून बसायचे.

मग एका सकाळी ती किंचाळली. पाय लालबुंद, टम्म फुगलेला, चटका बसेल इतका तापलेला. जखमेशेजारी नवी गाठ आलेली.

"मावशी, झिन्हुएनं पाय सोडला! ती नाहीये इथं!"

निरोप मिळताच हुएफा धावत आली. पायाला हात लावला मात्र, तिचा चेहरा उतरला. ती पोरीचे कपडे बोचक्यात कोंबायला लागली.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"तू गप्प बस! झिन्हुए अशीच तापली होती, अंगावर लाह्या फुटतील इतकी. माझ्यावर रुसून निघून गेली ती. आता हिलाही बोलावतेय."

आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. मला वाटलं आता झापतील. पण त्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "औषध लागू पडलं की काहींना असं होतं, बाई. हिचं अंग आता जागं झालंय. ही आग हिची स्वतःची आहे, बाहेरून कुणी लावलेली नाही. दुखणं कमी करायला मी काहीतरी देते. पण आत्ता घरी नेलीत तर हा पाय वाचायचा नाही."

हुएफाचा हात बोचक्याच्या गाठीवर थांबला. झिन्सी बोंबलत होती, आम्हा सगळ्यांना शिव्या घालत होती. इतकी जिवंत ती मला बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती. मला रडू आलं.

"आणि माझी झिन्हुए तापली होती, तेव्हा?" हुएफानं विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीही झुंजत होती."

"शेवटपर्यंत?"

"हो."

हुएफानं बोचकं खाटेखाली सारलं. झिन्सीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत हात घालून ती बसून राहिली.

"म्हणजे तिला जायचं नव्हतं," ती मला म्हणाली. "तिला जायचंच नव्हतं गं."