खिडक्या नसलेल्या बारमधला ओडेल

आरोग्य खात्याच्या साहेबांनो, तुम्ही खानावळींतला सिगारेटचा धूर बंद केलात, कचेऱ्यांतला केलात, कुत्र्यांच्या दवाखान्यातलासुद्धा केलात. बार तेवढे वगळलेत. बारमध्येही माणसं नोकरी करतात हे सही करताना तुम्हाला ठाऊक होतं. आणि आमच्यासारख्यांचे बार तर तुमच्या खिजगणतीतच नव्हते. म्हणून ओडेल फोंटेनोची गोष्ट ऐका.

ओडेल आठवडाभर लाँड्रीत लोकांच्या पँटी आखूड करतो. रविवारी दुपारी चार वाजता गाऊन घालून ‘मॅग्नोलिया’त गातो. आमच्या मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर गे माणसांना टेकायला हा एकच बार. दुसरा गाठायचा तर न्यू ऑर्लीन्सपर्यंत तीन तास गाडी हाकावी लागते. बायकांच्या वेषात स्टेजवर येणाऱ्या बाकीच्या राण्या रेकॉर्डवर ओठ हलवतात, ओडेल स्वतःच्या गळ्यानं गातो. सतराव्या वर्षी बापानं हाकललं, तेव्हापासून त्याचं घर म्हणजे हाच बार. गाणं एकतीस वर्षांचं. जन्मात सिगारेट ओढली नाही.

मॅग्नोलियाला खिडक्या नव्हत्या. आधी होत्या, पण दोनदा काचेतून विटा आत आल्या, तेव्हा मालकीण लर्लीननं त्या बुजवून घेतल्या. विटा आत यायच्या थांबल्या आणि धूर बाहेर जायचा थांबला. मी तिथं तेवीस वर्षं ग्लास भरतोय. माझ्या उशीलासुद्धा तो वास आहे.

मार्चमध्ये ओडेलची फुप्फुसं गेली म्हणून डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला. नाकात नळी, चाकांच्या गाडीवर सिलिंडर. ताकीद दिली की जळती सिगारेट असेल तिथं पाऊल टाकायचं नाही, भडका उडेल. म्हणजे गाणं बंद. म्हणजे घर बंद.

ओडेलनं लर्लीनला विनवलं, बारमध्ये सिगारेट बंद कर. लर्लीननं वीस वर्षं ट्रक चालवलाय, ती कुणाच्या बापाला भीत नाही. पण या गोष्टीला भ्यायली.

“ओढणारे मग फुटपाथवर उभे राहणार,” ती म्हणाली. “पिकअपमधली पोरं बाटल्या मारत फिरतात. त्यांनी फोडलेला डेल्मरचा जबडा विसरलास? तुझ्या एकट्याच्या श्वासापायी सगळ्यांना त्यांच्यापुढे उभं करू?”

 पुढच्या रविवारी हिरवा गाऊन, विग, उंच टाचा असा ओडेल आला, सिलिंडर ओढत. आणि आत शिरलाच नाही. भर दुपारी फुटपाथवर उभा राहून गायला लागला.

रस्त्यावरून माणसं चर्चचं जेवण उरकून घरी चालली होती. बायकांनी पोरांचे चेहरे वळवले. एका पिकअपनं वेग कमी केला, आतून शिवी आली, पाठोपाठ बर्फानं भरलेला पेला येऊन त्याच्या पायाशी फुटला. ओडेल एका ओळीला तीनतीनदा श्वास घेत होता, पण गाणं सोडलं नाही. आणि आम्ही? आम्ही आत, बोटांत सिगारेटी धरून, दाराच्या फटीतून बघत होतो.

सगळ्यात जास्त ओढणारा रॉस्को. त्यानं सिगारेट विझवली, पाकीट माझ्यासमोर आपटलं. “ती म्हातारी राणी तिकडे शिव्या खातेय,” म्हणाला, “आणि आपण इकडे शेंगदाणे खातोय.” तो बाहेर जाऊन ओडेलच्या शेजारी उभा राहिला. मागोमाग आणखी अकरा जण गेले. मीही गेलो, एप्रन न सोडता. शेवटी लर्लीन आली, हाताची घडी घालून.

पिकअप वळसा घालून परत आला. आम्हाला मोजलं असावं. निघून गेला.

“जरा लांब उभा राहा मेल्या,” ओडेल रॉस्कोला म्हणाला. “तुझ्या शर्टानंच पेट घेईन मी.”

त्याच संध्याकाळी लर्लीननं सगळे ॲशट्रे कचऱ्याच्या डब्यात टाकून दिले. सक्ती कुणी केली नव्हती, दंड नव्हता, तुमचा इन्स्पेक्टरही नव्हता. आठ दिवसांनी तिनं गवंडी बोलावून रस्त्याकडची एक खिडकी उघडून घेतली. आता ज्याला ओढायची त्यानं त्या खिडकीसमोर उभं राहायचं, एकट्यानं कधीच नाही, आणि आतल्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. गिऱ्हाईकं रुसली, दोघं गेली, एक परत आलं. ओडेल आत आला. नळी त्यानं गाऊनच्या गळ्याला शिवून घेतली होती, वरून टिकल्या लावून. पूर्वी सहा गाणी व्हायची, आता दोन होतात. दुसरं खुर्चीत बसून.

गेल्या मंगळवारी तुमचं पाकीट आलं. सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र: ‘स्वेच्छेने धूरमुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ लर्लीन खिळा शोधायला लागली. ओडेलनं ते मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पालथं घालून माझ्याकडे पेन मागितलं. चार ओळी लिहायला त्याला बराच वेळ लागला. मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो.

ते प्रशस्तिपत्र सोबत परत पाठवतोय. पाठीमागं त्याच्या अक्षरात आहे ते असं:

“अभिनंदन नको. एकतीस वर्षं मी ज्या धुरात काम केलं, त्याला तुमची परवानगी होती. ती देताना कुणीतरी सही केली असेल. त्या माणसाचं नाव कळवा.”