सात जांभळे अंगठे

आता ऐका हां. निर्मळ गावची ही प्रिन्सी सातिवलीला बाटल्यांची झाकणं बनवायच्या गाळ्यात ऑफिस सांभाळायची. नव्व्याण्णव सालची गोष्ट. कामगार बत्तीस, सगळे यूपी-बिहारचे. मागच्या वर्षी एकाने नुसता "युनियन" शब्द काढला, तर त्याचं बोचकं हायवेवर सापडलं. तो नाही सापडला.

तरी ह्यांनी ठरवलंच! युनियन नोंदवायच्या अर्जाला सात जण लागतात. लिहिला प्रिन्सीने. लिहिता येणाऱ्यांनीही अंगठेच उठवले. का, तर सही करणारा पुढारी ठरतो आणि पहिला मार त्यालाच. जांभळ्या शाईचं पॅड ऑफिसचंच वापरलं. अर्ज प्रिन्सीच्या पर्समध्ये. परवा रजा टाकून, ट्रेन पकडून ती कामगार कार्यालयात देणार. तोवर ते सात कोण, हे शेठला कळता कामा नये, बस्स.

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा. मशिनी बंद, गाणी जोरात. प्रिन्सी झेंडूच्या माळा घेऊन चालली होती, शेठने केबिनमध्ये हाक मारली. पुढ्यात पॅड.

"प्रिन्सी, आपला शिक्का चौकोनी ना गं?"

"हो शेठ."

"मग ह्यावर अंगठे कोणाचे?"

आणि शेठ हसला. "जाऊ दे. ह्या वर्षी प्रसाद मीच वाटणार. प्रत्येकाच्या ओंजळीत. ही शाई दोन दिवस जात नाही, माहितीये ना?"

प्रिन्सी जी सुटली ती थेट म्हाताऱ्या रामसुमेरपाशी. "चाचा, सेठ अंगूठे देखनेवाला है!"

त्याने तेलात कालवलेल्या शेंदरात दोन्ही पंजे बुडवले आणि मशिनीवर थापले. "सब लोग छापा मारो! दोनों हाथ!" सात काय, बत्तीसच्या बत्तीस तुटून पडले. मनगटापर्यंत शेंदरी!

शेठ ताट घेऊन उभा. मुठीएवढे बुंदीचे लाडू. ओंजळ बघतोय, लाडू ठेवतोय. पंधरा. वीस. त्याचं हसू गळायला लागलं. बत्तिसावी ओंजळही शेंदरी! प्रिन्सीला तर नाचावंसं वाटलं.

"आणि तुला नको?"

ती ख्रिश्चन, पूजेपासून लांब राहायची, पण प्रसाद दर वर्षी घ्यायची. सवयीने हात पुढे गेले. आणि मेली! काल एकेकाचा अंगठा धरून कागदावर टेकवला कोणी? तिनेच. बोटं सगळी जांभळी.

रिकामं ताट एका हातात, दुसऱ्या हातात शेठने तिचं मनगट धरलं. "उद्या रजा ना तुझी? पर्स उघड."

गाणी थांबली. कोणाच्याच तोंडात लाडू गेला नव्हता. रामसुमेर पुढे आला, त्याने आपला लाडू ताटात परत ठेवला. मग दुसऱ्याने. तिसऱ्याने. ताट जड होत गेलं, कलायला लागलं, प्रसाद खाली सांडणार... शेठला दुसरा हात लावावाच लागला.

मनगट सुटलं. प्रिन्सीने पर्स काखेत आवळली आणि दाराकडे वळली.

"जा," शेठ मागून हळूच म्हणाला. "निर्मळवरून स्टेशनला रस्ता एकच आहे."