अर्धेलीची शेळी

महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक रंगाचा कारखाना बंद पडला, यात नवल ते काय? पेपरात चार ओळी येतात, आपण चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो. पण सुनील त्या दिवशी फाटकाशी उभा होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रं ट्रेलरवर चढत होती. मालकाला दुसऱ्या राज्यात मोठी सवलत मिळाली होती!

"सुनील, मला आता कोन घेनार रे?" शेजारी उभ्या जानूने विचारलं. पन्नाशी उलटलेला माणूस, रंगाच्या वासाने छाती कायमची बिघडलेली.

सुनीलला ती जुनी बैठक आठवली. पाच वर्षांपूर्वी कारखाना डबघाईला आला, तेव्हा मालकाने सरकारकडे अनुदान मागितलं होतं. सरकारने बदल्यात कंपनीत हिस्सा घ्यावा, असं बैठकीत कुणीतरी सुचवलं. तेव्हा कामगारांचा पुढारी म्हणून सुनीलच ताडकन उठला होता. "साहेबलोक मालक झाले तर कारखान्याची कचेरी होईल. मदत विनाअट द्या!" टाळ्या पडल्या. अर्जातला 'विनाअट' हा शब्दही त्याच्याच हातचा, आणि पैसे मिळाले तेही तसेच.

पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या बाजूला राहणारी त्याची आत्या काशीबाई तेव्हा घरी आली होती. ती शेळ्या अर्धेलीने द्यायची. शेळी हिची, पाळणार दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी.

"म्हंजे शेळी फुकट दिलीस रे?" अर्ज ऐकून ती म्हणाली.

"आत्या, कारखाना म्हंजे शेळी नाय. तोटा झाला तर सरकारचं पन बुडेल."

"बुडेल की! बिबट्यानं शेळी नेली तवा माजं बी गेलंच. पाळनाऱ्याच्या कामात मी नाक खुपसत नाय. पन मला इचारल्याबिगर त्याला ती इकता येत नाय. येवढाच माजा हक्क हाय."

सुनील हसला होता. शेळ्या राखणारी बाई, तिला उद्योगातलं काय कळतं, म्हणून हसला होता!

आता कारखाना बंद होऊन आठ महिने झाले. जानू रोज सकाळी नाक्यावर उभा राहतो. मुकादम तरणे बघून उचलतो, जानू डबा न उघडता घरी येतो.

अशातच त्या रिकाम्या शेडसाठी नवी कंपनी विचारू लागली. तिलाही अनुदान हवं होतं. ग्रामपंचायत सदस्य राजेंद्र जुन्या कामगारांच्या सह्यांसाठी अर्जाचा कागद घेऊन आले. "सही करा, सुनीलभाऊ. तुमचाच जुना मसुदा आहे."

सुनीलने 'विनाअट' वाचलं. त्याने तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'हिस्सा घेऊनच.'

"अहो, कंपनीवाले बिचकतील!"

"बिचकू देत. अर्धी आमची म्हटल्यावर जो पळतो, तो पाळायला आलेलाच नसतो."

वाचकहो, सरकारचा पैसा म्हणजे तुमचाआमचाच पैसा. तो देताना हिस्सा मागणं म्हणजे उद्योगाशी वैर नव्हे. हिस्सा असेल तर निदान जाताना विचारावं तरी लागतं.

कागद जानूकडे गेला. त्याने खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

"ते नाय आले तर, सुनील?"

"तर नाय येनार, जानूदादा."

जानूला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याने पेन मागून घेतलं आणि सही केली.