दोन वाटा, दोन्ही आलापल्लीतून

राउटर एकमेकांना दिवसभर सांगत असतात: अमक्या गावाला जायचंय, तर माझ्याकडून वाट आहे. २००८ साली आमच्या गडचिरोलीच्या राउटरकडे सिरोंच्यासाठी अशा दोन वाटा जाहीर झाल्या होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक आलापल्लीवरून, दुसरी नदीकाठानं. एक तुटली तरी दुसरी आहे, म्हणून सिरोंच्याचा पुराची खबर देणारा वायरलेस सेट काढून टाकायचं ठरलं. फक्त माझी सही बाकी होती. हे काम मिटलं की मंगळवारी माझी मूल गावाला बदली. घर तिथे, बायको रीता तिथे, आणि मी दोन वर्षं इथे खानावळीचं वरण गिळतोय.

जाहीर गोष्टींवर माझा विश्वास नाही, सवयीचा दोष. ट्रेसरूट लावला, म्हणजे माहिती खरंच कुठून कुठून जाते ते बघितलं. पहिली वाट आलापल्लीतून. दुसरीही आलापल्लीतून. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जीव विटला.

दोन्ही कंपन्यांच्या केबल टाकणाऱ्या टोळ्यांचे मुकादम दादाजी बाहेर पायरीवर बसले होते. मी तिरसटपणे विचारलं, "दादाजीभाऊ, नदीकाठची केबल कुठी टाकली?"

"आलापल्लीच्याच नालीत. दोन्ही संगच."

"काऊन?"

"तिकडं वाघ हाये, साहेब. जंगलात कोनी एकटं जाते का? दोन टोळ्या अलग कायले पाठवू? संगच गेलो, संगच खोदलं."

त्यांच्यावर काय चिडणार? माणसं सुखरूप परत आणली होती त्यांनी. वाटा वेगळ्या कशासाठी हव्यात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "राउटर दोन दाखवतो ना? मग झालं. सही करा आणि मंगळवारी मूलला जा."

केबलची नाली आलापल्लीच्या रस्त्याकडेनंच, आणि पावसाळ्यात तो रस्ता कुठे ना कुठे खचतोच. खचला की दोन्ही केबल एकदम जाणार, आणि गोदावरी चढली हे सिरोंच्याहून कळवणार कोण? खरं सांगतो, सही करावीशी फार वाटत होती. कागदावर लिहिलं: वाट एकच आहे, वायरलेस काढू नये.

मग रीताला फोन लावला.

"मंगळवारी येऊन राह्यले ना?" तिनं विचारलं. दोन वर्षं दर महिन्याला मी तिला येतो म्हणूनच सांगत आलो होतो.

"नाई. हा पावसाळा इथीच."



"चाला," ती म्हणाली, "या बारीनं खरं त सांगतलं."