वाकडे गज

“माणसाचा डोळा हा जगातला सर्वांत जुना थापाड्या आहे,” प्राध्यापकांनी जाहीर केलं आणि किटलीतला चहा मोठ्या आत्मविश्वासाने कपाच्या शेजारी ओतला.

बायकोने फडकं पुढे सरकवलं. “मग हाही भासच म्हणायचा का?”

“विषयांतर नको. खिडकीचे गज वाकडे दिसतात ते या पडद्यामुळे.”

पडदा पातळ होता, त्यावर तिरक्या रेघा. सरळ रेषेला तिरक्या रेघा छेदत गेल्या की ती कललेली भासते, हे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, तेही कापडाच्या छापावरूनच. तेव्हापासून नजर कशी फसते यावर शहाण्या माणसांनी प्रयोगशाळांत आयुष्यं घालवली, आणि त्यांनी काय शोधलं हे वर्गात सांगण्यात प्राध्यापकांनी आपलं घालवलं. त्यामुळे गज वाकडे दिसू लागले तेव्हा घाबरायचं सोडून त्यांना आनंदच झाला. शास्त्र पाहुण्यासारखं घरी चालून आलं होतं.

“डॉक्टरांना दाखवू या,” बायको रोज म्हणे.

“डॉक्टरांना भासातलं काय कळतं,” ते रोज म्हणत.

आज तिने वाद घातला नाही. स्टूल ओढलं, वर चढली आणि पडदा दांडीसकट उतरवला.

“अगं, पडशील.”

“माझं राहू द्या. खिडकीकडे बघा.”

गज वाकडेच होते. मधला तर पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा.

प्राध्यापक चष्मा पुसू लागले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

तिने मागून येऊन त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. हाताला साबणाचा वास होता. गज वाकडे. मग हात उजव्या डोळ्यावर नेला. गज कवायतीला उभे राहावेत तसे सरळ.

रेघांचा भास दोन्ही डोळ्यांना सारखाच फसवतो; तो पक्षपात करत नाही. या एका मुद्द्यावर त्यांनी कित्येक पोरांना नापास केलं होतं.

“हे कुठे शिकलीस?”

“तुमच्याच तोंडून. जेवताना, झोपताना. डोळे मिटता येतात हो, कानांचं काय करायचं?”

त्यांनी तिचा हात डोळ्यावरून काढला नाही.

“वाचता येईल ना मला?”

“ते डॉक्टर सांगतील. नाहीच आलं, तर मी वाचून दाखवीन. मधेमधे शंका काढीन, तेवढं सोसा. आज अकराला बोलावलंय त्यांनी.”

“वेळ कधी घेतलीस?”

“परवाच. तुम्ही मला पडदा समजावून सांगत होतात ना, त्याच्या आधी.”

ते उठले, आत जाऊन शर्ट चढवून आले आणि दारापाशी घुटमळले.

“जिन्यात माझा हात धर. पण शेजाऱ्यांना वाटलं पाहिजे, मीच तुझा धरलाय.”

“धरते. आधी तेवढा शर्ट सुलटा घाला.”