मागून आणलेले बूट

सिल्वासातल्या एका स्पोर्ट्स क्लबने गरजू मुलांना धावण्याचं प्रशिक्षण द्यायला फाउंडेशन काढलं. निवड समितीत अकरा जण होते. त्यांतले आयुष्यात कधी धावलेले शून्य.

किलवणीची कावेरी चाचणीत पहिली आली. तरी सचिव वसंतराव तिच्या पायांकडे बघून म्हणाले, "बूट तर चकाचक आहेत. ही काही गरजू वाटत नाही. पुढची बोलवा."

मोठ्या लोकांपुढे पोरगी नीट दिसावी म्हणून तिच्या आईने, कमळाबाईने, ते बूट शेजारून मागून आणले होते. तिने कावेरीच्या पायातला एक बूट खेचून काढला आणि टेबलावर उलटा केला. फडक्याचा बोळा सचिवांच्या चहाशेजारी पडला.

"शेजारणीचे आहेत, साहेब. दोन नंबर मोठे. आता बोला."

वसंतरावांनी आधी कप बाजूला घेतला, मग कावेरीचं नाव यादीत लिहिलं. "पण फोटोला अनवाणी उभी राहा हं, बेटा. देणगीदारांना बरं दिसतं."

"बूट घालूनच राहील," बोळा परत कोंबत कमळाबाई म्हणाली. "फोटो आमच्या गावालाही जायचाय. अनवाणी पायांची एवढी हौस असेल, तर तुम्ही काढा तुमचे."